पॅक्स-५ : बी पेशीची वाट ठरवणारे प्रथिन

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत डीएनए जवळजवळ सारखाच असतो. मग बी पेशीच अँटीबॉडी का बनवते, चेतापेशी का नाही? कारण कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन करायचे, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल काढायची, हे पेशीतली काही प्रथिने ठरवतात.

पॅक्स-५ हे त्यांपैकीच एक. अस्थिमज्जेत बी पेशी घडत असताना ते डीएनएच्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि दोन कामे करते :

१) बी पेशीला लागणारी जनुके चालू करते. उदा. सीडी-१९.
२) दुसऱ्या वाटेची जनुके बंद ठेवते. उदा. टी पेशी घडण्यासाठी लागणारे नॉच-१.

दुसरे काम विसरू नका हं!

हे कळलं कसं? १९९९ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी पॅक्स-५ नसलेल्या उंदरांच्या पेशी अभ्यासल्या. त्या बी पेशी होता होता मध्येच थांबल्या होत्या. पण योग्य परिस्थिती मिळताच त्यांच्यापासून टी पेशी, मॅक्रोफेज अशा वेगळ्याच पेशी तयार झाल्या! म्हणजे पॅक्स-५ नसेल तर पेशीची वाट पक्की होतच नाही.

याचं महत्त्व दवाखान्यातही आहे. लहान मुलांना होणाऱ्या बी पेशींच्या ल्युकेमियात पॅक्स-५ च्या जनुकातील बिघाड बऱ्याचदा सापडतो. अर्धवट घडलेल्या पेशी तिथेच अडकतात आणि वाढतच राहतात.

आता सांगा : बी पेशीची प्लाझ्मा पेशी होताना पॅक्स-५ बंद का करावे लागत असेल? विचार करा आणि वहीत लिहा.