घरच्या डीव्हीडीचे रूपांतर : प्राथमिक ओळख

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लग्नाची डीव्हीडी असते. आज हयात नसलेली आजी तीत बोलताना दिसते. पण ती मोबाइलवर चालत नाही. व्हीओबी फाईल हा एक डबा. आतले चित्र बहुधा एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले असते. मोबाइलला एमपी४ हा डबा व एच.२६४ ही पद्धत मानवते.

प्रथम डिस्कमधील व्हिडिओ_टीएस फोल्डर संगणकात उतरवावा. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये तो उघडून ‘फास्ट ५७६पी२५’ निवडावे, ‘स्टार्ट एन्कोड’ दाबावे. १०८० चा मोह नको. आपल्याकडील डीव्हीडीत बहुधा ५७६ च ओळी असतात.

रूपांतरात दर्जा थोडा घटतोच. आम्ही एकदा नवी फाईल पाचच मिनिटे पाहून मूळ पुसली. पुढे आवाज ओठांच्या मागे पडलेला निघाला. ती दुरुस्त करायला मूळ उरलेच नव्हते.