फिरत्या आरोग्य वाहनावर सौर विद्युत : मांडणी आणि जोडणी

मेळघाटातील पाडे असोत वा गडचिरोलीतील भामरागड तालुका असो, दुर्गम भागात आरोग्यसेवा पोहोचवावयाची म्हणजे कच्च्या रस्त्यावर तग धरणारे वाहन हवे. परंतु वाहन पोहोचले म्हणजे सेवा पोहोचलीच असे नव्हे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवाव्या लागतात. त्याहून अधिक उष्णतेने त्या निकामी होतात. आणि हिपॅटायटीस-बी अथवा धनुर्वातावरील लस तर गोठली तरीही वाया जाते. रात्री-अपरात्री बाळंतिणीस तपासावयाचे तर भरवशाचा उजेड हवा. यासाठी वाहनाचे इंजिन तासन् तास चालू ठेवणे खर्चाचे आणि रुग्णांना त्रासदायक होय. त्याच वाहनाच्या टपावर पडणारे ऊन उपयोगात आणणे हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय आहे.

सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सौर पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे गेली आहे. त्यामुळेच जीपच्या टपाएवढ्या लहान जागेतही उपयुक्त वीज मिळविणे शक्य झाले आहे.

आधी गरजेचा हिशेब

पॅनेल विकत घेण्यापूर्वी रोजची गरज वॉट-तासांत काढावी. उदाहरणादाखल, ४५ वॉटची शीतपेटी दिवसातून एकूण १२ तास चालली तर ५४० वॉट-तास लागतील. ६ वॉटचे चार एलईडी दिवे ५ तास लावल्यास १२० आणि मोबाइल व लहान उपकरणांसाठी ६० असे धरले, तर एकूण गरज ७२० वॉट-तास होते. लसींसाठी आरोग्य विभागाने मान्य केलेलीच शीतपेटी वापरावी, हे ओघानेच आले.

प्रत्येकी १५० वॉटची दोन पॅनेले बसविली आणि दिवसातून साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरले, तर कागदावर १,३५० वॉट-तास मिळतात. प्रत्यक्षात उष्णता, धूळ, आडवी मांडणी आणि उपकरणांतील घट यांपोटी त्यातील ४० टक्के वजा करावेत. उरलेल्या सुमारे ८०० वॉट-तासांत वरील गरज भागते.

दोन दिवस ऊन पडले नाही तरी काम चालावे, इतकी साठवण हवी. म्हणजे १,४४० वॉट-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. त्यामुळे १२ व्होल्टची २४० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के शक्ती वापरता येत असल्याने १५० अँपिअर-तास पुरतात आणि वजनही बरेच वाचते. तिची किंमत मात्र अधिक असते.

टपावरील मांडणी

पॅनेल टपास चिकटवून बसवू नये. खाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवल्यास हवा खेळती राहते. सौरघटाचे तापमान २५ अंशांच्या वर दर अंशामागे वाढत जाते तशी वीज सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. घट ६५ अंशांपर्यंत तापला तर सुमारे १६ टक्के वीज कमी मिळते. खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी साधे नट ढिले होतात, म्हणून अडकणारे नट व रबरी वायसर वापरावेत. टपास पाडलेल्या प्रत्येक छिद्रात पाणीरोधक लुकण भरावे. पॅनेल, चौकट व इतर सामान मिळून होणारे वजन उत्पादकाने टपासाठी दिलेल्या मर्यादेत असावे.

मेळघाटच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. त्या वेळी आडव्या पॅनेलवर पडणारे ऊन सूर्यासन्मुख पॅनेलच्या तुलनेत सुमारे ७० टक्के असते. म्हणून मुक्कामी पॅनेल दक्षिणेकडे कलते करता येईल अशी बिजागरीची चौकट सोयीची ठरते. झाडाखाली गाडी लावणे सुखाचे असले, तरी एका फांदीची सावलीही वीजनिर्मिती मोठ्या प्रमाणात घटविते.

तारांची जोडणी

पॅनेलमधील वीज भार-नियंत्रकातून बॅटरीत जाते. हा नियंत्रक बॅटरीस प्रमाणाबाहेर भारित होऊ देत नाही. जोडणी करताना प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल नियंत्रकास जोडावे. सोडविताना हाच क्रम उलटा ठेवावा. प्रकाश पडताच पॅनेल वीज देऊ लागते, म्हणून काम चालू असताना ते जाड कापडाने झाकावे.

तारेची जाडी ही किरकोळ बाब नव्हे. दोन्ही पॅनेले समांतर जोडली तर १८ व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर प्रवाह वाहतो. जाऊन-येऊन १० मीटर लांबीची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरल्यास सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे साडेसहा टक्के दाब वाया जातो. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट अर्ध्या व्होल्टवर येते.

बॅटरीच्या धन टोकापासून अगदी जवळ फ्यूज बसवावा. फ्यूजची क्षमता नेहमीच्या प्रवाहाहून थोडी अधिक, परंतु तारेच्या वहनक्षमतेहून कमी असावी. तारेचे आवरण पत्र्यावर घासून फाटले आणि फ्यूज नसला, तर वाहनास आग लागण्यास वेळ लागत नाही. म्हणून पत्र्यातून तार नेताना रबरी कडे आणि संरक्षक नळी आवश्यक होय. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने ती हवेशीर पेटीत पक्की बांधून ठेवावी.

सेवेची बॅटरी आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी या दोन्ही स्वतंत्र असाव्यात. अन्यथा रात्रभर दिवे जळतील आणि सकाळी गाडीच सुरू होणार नाही. रुग्णास जिल्हा रुग्णालयात हलविण्याच्या वेळी हे जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात ढगाळ हवेने वीज फारच कमी मिळते. त्यासाठी वाहन धावत असताना इंजिनाच्या जनित्रावरून सेवेची बॅटरी भारित करणारे स्वतंत्र उपकरण जोडावे. २० अँपिअरचे असे उपकरण दोन तासांच्या प्रवासात सुमारे ५०० वॉट-तास देऊ शकते.

देखभालीची जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा सल्ला घेणे इष्ट होय.

यंत्रणा बसविल्यानंतर तिची निगा राखणे तितकेच महत्त्वाचे आहे. आठवड्यातून एकदा पॅनेल पाण्याने पुसावे, महिन्यातून एकदा सर्व नट व जोड तपासावेत आणि शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवहीत लिहावे. चालक व आरोग्यसेविका या दोघांनाही फ्यूज ओळखता व बदलता आला पाहिजे. वाहन पाड्यावर येते तेव्हा त्यास सावलीऐवजी उन्हाची जागा मोकळी करून देणे, हे काम ग्रामपंचायत सहज करू शकेल. शाळेतील विद्यार्थ्यांना हीच यंत्रणा दाखवून शिक्षकांना विजेचा धडा प्रत्यक्ष शिकविता येईल. योग्य तार, योग्य फ्यूज आणि नियमित नोंद एवढी काळजी घेतली, तर शेवटच्या पाड्यावरील बालकापर्यंतही लस गुणकारी स्थितीत पोहोचेल.