एकाच पेनाचं लॉगबुक

जव्हारच्या डोंगराकडून येणारी सूर्या नदी धामणीच्या धरणात अडते आणि तिचं पाणी तारापूरच्या कारखान्यांपर्यंत जातं. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशाच एका पाड्यावरचा मुलगा बी.एस्सी. होऊन तारापूरच्या एका रसायन कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला. हाती आलं ते सांडपाण्याचं लॉगबुक.

सीओडीच्या (पाण्याच्या रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) रकान्यात रोज २३८, २४२, २४०. संमतीपत्रातली मर्यादा २५०. हवा पुरवणारा ब्लोअर जळून ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, चार दिवस बंद होती, त्या दिवसांचेही आकडे हजर! सगळं एकाच निळ्या पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. सीओडी काढायचा तर नमुना डायक्रोमेट आणि आम्लात दोन तास उकळावा लागतो. इथं आम्लाच्या बाटलीचं सीलही तुटलं नव्हतं.

"सही कर, सगळेच करतात," साहेब म्हणाले. त्यानं केली. पुढे तपासणीत नमुन्याचे आकडे जुळले नाहीत, तेव्हा कंपनीनं बोट दाखवलं ते याच सहीकडे.

संमतीपत्र घेतलेल्या कारखान्याला ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावं लागतं. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या मोठ्या कंपन्यांना बाजार नियामक सेबीनं २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालही सक्तीचा केला. गुळगुळीत कागदावरच्या त्या तक्त्यांचा उगम अशाच लॉगबुकात असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. या प्रदूषणाविरुद्ध मांगेला मच्छीमारांच्या परिषदेला तर राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं.

आता तो गावाकडून येणाऱ्या नव्या पोरांना बसवून सांगतो, "मी फसलो, तुम्ही फसू नका. आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी यांची वजाबाकी आधी करा. मग गाळ बघा. ईटीपी चालली तर गाळ निघणारच. पाणी स्वच्छ आणि गाळ शून्य, असं होत नाही. ईटीपीचं वीजमीटर बघा. मर्यादेपेक्षा फरक किती पडला आणि का, यासाठी फॉर्ममध्ये जागा आहे, ती वापरा. मागच्या तारखेची सही करू नका."

त्याच्या आताच्या लॉगबुकात गेल्या जुलैच्या दोन ओळी अशा आहेत : 'ब्लोअर बंद. चाचणी नाही.'