पाना, कानस आणि चकचकीत पट्टी

मुलांनो, या वेळचा पाठ पुस्तकातला नाही, आमच्या गराजमधला आहे.

आमच्याकडे १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. बीटल म्हणजे भुंगेरा. मागून पाहिली की नाव पटते! अशा दोन कोटींहून जास्त गाड्या बनल्या. शेवटची २००३ साली मेक्सिकोत तयार झाली.

या गाडीच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी असते. ती आतून पोकळ असून तिच्या कडा आत दुमडलेल्या असतात. पत्र्याच्या भोकांत क्लिपा खोचतात आणि त्यांवर पट्टी दाबून बसवतात.

आमच्या दारावरच्या दोन क्लिपा तुटल्या. घाईघाईत मी पट्टीतूनच एक लोखंडी स्क्रू पिळला. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. वसंतात पाहतो तर स्क्रूभोवती पट्टीवर पांढरी पूड आणि भोकाच्या कडेला, जिथे रंग खरवडला होता तिथे, गंज! दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते. माझ्या आळसापायी पट्टी गेली. जुन्या गाडीवरची दुसरी आणावी लागली.

ती बसवायला माझी अकरा वर्षांची मुलगी मदतीला आली.

“बाबा, हे कशाने चिकटवायचं?”

“चिकटवायचं नाही, आवळायचं.”

“म्हणजे?”

तेव्हा माझ्या लक्षात आले की गराजमध्ये मी तिच्याशी नेहमी इंग्रजीतच बोलतो. मग ठरवले, आज सगळे काम मराठीत. आम्ही काय केले ते वाचा:

१. दाराचे आतले आवरण काढले. जुन्या भोकाचा गंज खरवडला, रंग लावला, वाळू दिला. नवे भोक पाडले नाही. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडे दार!

२. स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे बोल्ट घेतले. डोकी पट्टीत मावेनात, म्हणून कानशीने दोन बाजूंनी घासली. आता डोके पट्टीत सरकते, पण गोल फिरत नाही. त्यामुळे नट आवळताना बोल्ट जागचा हलत नाही.

३. धातूला धातू टेकू नये म्हणून डोक्यांना प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून भोकांवर बसवले. पाणीही अडले.

४. बोल्ट आखूडच घेतले. लांब असते तर खिडकीची काच खाली येताना त्यांना अडली असती.

५. आतून नट आधी बोटांनी फिरवले, मग पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळले तर पट्टीला पोचा पडतो. उरलेल्या क्लिपांवर मुलीने तळहाताने पट्टी दाबली. टक्, टक्, टक्!

“बाबा, नट म्हणजे नाटकातला ना?” तिने विचारले. दोघेही खूप हसलो. नाटकातला नट वेगळा, बोल्टाचा वेगळा. तसेच वहीचे ‘पान’ आणि नट फिरवायचा ‘पाना’!

शब्दार्थ
कानस – धातू घासायचे खरखरीत हत्यार
वायसर – नटाखाली किंवा भोकावर बसवायची चकती
पोचा – दाबाने पडलेला खळगा
खोचणे – भोकात किंवा फटीत घट्ट घालणे
आवळणे – फिरवून किंवा ओढून घट्ट करणे

स्वाध्याय
१. बोल्टाचे डोके दोन बाजूंनी का घासले?
२. कंसातील योग्य क्रियापद निवडा (टाचणे, खोचणे, आवळणे, डकवणे, ठोकणे): आई पदर कमरेला ___. दादा भिंतीत खिळा ___. ताई पाकिटावर तिकीट ___. शिंपी कापडाला टाचण्या ___. बाबा नट ___.
३. घरातल्या पाच वस्तू शोधा आणि त्या कशाने जोडल्या आहेत ते लिहा.

पालकांसाठी: पुढच्या शनिवारी घरातले एखादे ढिले दार किंवा हँडल मुलांबरोबर दुरुस्त करा. शब्द अडला तर थांबा, आजी-आजोबांना फोन करून विचारा. काम थोडे लांबेल, पण शब्द पक्का बसेल.