तराजू कोण तोलणार?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हैदराबादेतील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाच आठवड्यांचे एक बाळ तपासणीसाठी आले. आठवड्याभरात दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असताना काट्यावर शंभर ग्रॅम घट दिसत होती. बाळ पोटभर पिते, लघवीही व्यवस्थित होते, असे आई पुनःपुन्हा सांगत होती. बाळही तजेलदार दिसत होते. तरीही मी काट्यावर विश्वास ठेवला आणि वरचे दूध लिहून दिले. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने त्या काट्यावर दोन किलोचे प्रमाणित वजन ठेवून पाहिले, तेव्हा तो सुमारे दीडशे ग्रॅम कमी दाखवत असल्याचे आढळले. आईला निरोप धाडून बोलावले, वरचे दूध बंद केले आणि तिची क्षमा मागितली.

आपल्याला प्रतीत होणारे जग खरोखर तसेच आहे, हे कशावरून? हा प्रश्न तत्त्वज्ञांचा, असे आपण डॉक्टर मंडळी समजतो. वास्तविक तो आपल्या टेबलावर रोज मांडलेला असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ मध्ये सर्व इंद्रियज्ञान संशयाच्या कक्षेत आणले. त्याच्या कितीतरी शतके आधी नागार्जुनाने याहून मूलगामी शंका उपस्थित केली होती. परंपरेने आपल्या जवळच्या नागार्जुनकोंड्याशी ज्याचे नाव जोडले गेले, तोच हा बौद्ध आचार्य. त्याच्या ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथाचे मूळ संस्कृत हस्तलिखित राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात सापडले. त्यात तो विचारतो : वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात म्हणता, मग ती प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे, तर त्या साखळीला अंत नाही. आपोआप म्हणावे, तर वस्तूंनाच ती सवलत का नको?

न्यायदर्शनात अशा आक्षेपाला दिलेले उत्तर बालरोगतज्ज्ञाला विशेष जवळचे वाटेल. न्यायसूत्रांत दृष्टान्त आहे तो तराजूचा. तराजू सोने तोलतो. परंतु शंका आली, तर ज्ञात वजनाच्या सोन्याने तराजूचीही परीक्षा करता येते. जे प्रमाण, तेच प्रसंगी प्रमेय होते.

नागार्जुन यावर अर्थातच विचारील, की त्या सोन्याचे वजन कोणी तपासले? सर्व साधनांच्या बाहेर उभे राहून जग पाहण्याची सोय मानवाला नाही, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ‘सर्वच संशयास्पद’ म्हटल्याने एकाही बाळाचे वजन कळत नाही. ‘हा काटा संशयास्पद’ म्हटल्याने कळते. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पल्स ऑक्सिमीटरची धमनीतील रक्ताच्या तपासणीशी तुलना केली गेली. ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. एका साधनाने दुसरे तपासले, म्हणूनच ती चूक उघड झाली.

त्या दिवशीही माझ्यापुढे तीन प्रमाणे होती : काटा, बाळाची कांती आणि आईचा शब्द. दोन एकीकडे असताना मी तिसऱ्यालाच अंतिम मानले. माझ्या दवाखान्यात आता दर सोमवारी सकाळी प्रथम प्रमाणित वजन काट्यावर चढते आणि त्याची नोंद वहीत होते. आकडा आणि आई यांचे जुळत नसेल, तर सोमवारची वाट न पाहता काटा पुन्हा तपासला जातो.