मुलाला शिकारीला न्यावे काय?

प्रश्न : तुरीच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव वाढला असून घरात पूर्वी शिकारीची परंपरा होती, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला शिकारीला सोबत न्यावे काय, असे नेर (जि. यवतमाळ) येथील एका शेतकरी वाचकाने विचारले आहे.

उत्तर : मुळीच नेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस मनाई असून, कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. म्हणजे केवळ हाकाऱ्यात, प्राण्याला शिकाऱ्याकडे पिटाळणाऱ्यांच्या रांगेत, उभा केलेला मुलगाही गुन्ह्यात ओढला जाऊ शकतो. पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली लेखी आदेशाची तरतूद आहे. त्यासाठी वनविभागाकडे अर्ज करावा, पण त्या कामातही मुलाला गुंतवू नये.

शिकाऱ्याची खरी विद्या, म्हणजे माग काढणे, मात्र मुलास अवश्य शिकवावी. पावसानंतर धुऱ्यावरच्या ओल्या मातीत रानडुकराच्या खुरामागे दोन्ही बाजूंस उमटलेली लहान टोके त्याला दाखवावीत. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात, तर वाघ चालताना नखे आत ओढून घेत असल्याने त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत, हेही सांगावे. त्यानंतर याच जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याची सफर घडवावी. तेथील रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला होता. ती वाट नकाशावर बोटाने गिरवण्यात कोणतेही मूल रमेल.