चित्रकलेच्या तासाला पोताची ओळख



चित्रकलेचा तास आला की पुष्कळ शाळांतून रंगपेट्यांची उणीव पुढे केली जाते व तो तास गणिताकडे वळविला जातो. या उणिवेवर एक उपाय आपल्या पायाखालीच आहे. तो सांगण्यापूर्वी माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

मी नवशिका शिक्षक असताना वर्गास ‘आमचे शेत’ हा विषय दिला होता. एका मुलीने पुठ्ठ्यावर ओली काळी माती थापून आणली. ती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. मी ‘अस्वच्छ’ असा शेरा मारून ते काम परत केले. त्या मुलीने पुढे वर्षभर इतरांप्रमाणे हिरव्या रेघांचे शेत काढले. वैशाखातील वऱ्हाडी शेत वर्गात एकटीने खरे दाखविले होते, हे मला फार उशिरा उमगले.

चित्र ज्या वस्तूचे केले जाते ते त्याचे माध्यम, ज्यावर केले जाते तो पृष्ठभाग, आणि हाताला व डोळ्याला जाणवणारा खडबडीतपणा किंवा गुळगुळीतपणा म्हणजे पोत. आधुनिक कलेत या तिन्हींना आशयाइतकेच महत्त्व आले आहे. १९२४ साली नागपूर येथे जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या प्रौढ काळातील चित्रांत माणूस, झाड, घर यांपैकी काहीच ओळखू येत नाही. रुळाने रंगाचे थर पसरावयाचे, सुरीने ते खरवडावयाचे, कागदाचे तुकडे दाबून काही रंग उचलावयाचा, अशी त्यांची रीत होती. पाहणाऱ्याचे लक्ष त्या थरांवरच खिळते. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली. परंतु शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीचा भाव त्यांनी पार्श्वभूमीत राखला. पृष्ठभाग बदलला, तरी त्याची आठवण सोडली नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. पहिल्या तासास मुलांना शाळेभोवती न्यावे. कडुनिंबाची साल, टोपलीचा तळ, तरट, सूप यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन आडवी धरून हलकेच घासावयास सांगावे. कागदावर त्या वस्तूचा पोत उमटेल. कोणता कागद कशाचा, हे इतरांनी ओळखावे.

दुसऱ्या तासास सारख्या जाडीच्या तीन थापट्या कराव्यात : एक निव्वळ काळ्या मातीची, दुसरी वाळू मिसळून, तिसरी कुटार मिसळून. सावलीत वाळल्यावर मुलांनी त्या पाहाव्यात व बोटांनी चाचपाव्यात. काळी माती पाण्याने फुगते व वाळताना आकसते, म्हणून पहिलीस मोठ्या भेगा पडतात. वाळूचे कण आकसत नाहीत. त्यामुळे दुसरीत भेगा कमी पडतात. कुटाराचे धागे मातीस धरून ठेवतात. सारवणाच्या मातीत आई कुटार वा शेण का कालविते, याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे. आपण आधी सांगू नये.

तिसऱ्या तासास माती, वाळू, कुटार, कापूस, तुराटीची साल यांतून प्रत्येकाने आपल्या घराची एक भिंत किंवा शेताचा एक तुकडा पुठ्ठ्यावर साकारावा. भेग दाखवावयाची असेल तर कोणती माती घ्यावी, हे त्यास आता ठाऊक असेल. निवड त्याची असली म्हणजे भेग हा दोष राहत नाही.

मूल्यमापनाच्या वेळी एवढेच पथ्य पाळावे. शेरा लिहिण्यापूर्वी मुलास विचारावे, ‘हे कशाचे केलेस, आणि तेच का घेतलेस?’ त्या मुलीस हा प्रश्न मी विचारला नाही. आपल्या वर्गात तो राहून जाऊ नये, एवढीच विनंती.